हात चोळायची ती वीस सेकंदं: आयसीयूतल्या एका सिस्टरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या सिस्टर डोंबिवलीला राहतात, मुंबईतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नऊ वर्षं आयसीयूत आहेत, एका ड्युटीला कधी दोन तर कधी तीन पेशंट सांभाळतात. पावसाळ्यात डेंग्यूचा एक बावीस वर्षांचा मुलगा त्यांच्या बेडवर दगावला. तेव्हापासून आपण दगड झालोय असं त्यांना वाटतंय. मध्ये हॉस्पिटलने माइंडफुलनेसचं सेशन ठेवलं, नाईट संपल्यावर सकाळी आठला सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, डोळे मिटून समुद्रकिनारा बघायला सांगितला आणि निम्म्या जणी झोपल्या. आता त्या विचारतायत की याने खरंच काही होतं का, की हे आमची बोलती बंद करायला आहे, मला हा काही आजार झालाय का, वीस मिनिटं बसायला मी वेळ आणू कुठून, इगतपुरीला विपश्यनेला जाऊ का, आणि घरी मुलावर ओरडते त्याचं काय करू.

सिस्टर, आधी त्या हॉलबद्दल. ज्या झोपल्या त्यांच्या शरीराने बरोबर तेच केलं, रात्रभर जागलेल्या माणसाला डोळे मिटायला सांगितलं की तो झोपणारच, त्यात तुमचं कुणाचं काही चुकलं नाही. वेळ चुकली आणि समुद्रकिनाराही चुकला. माइंडफुलनेस म्हणजे जिथे आहोत तिथून मनाने दुसरीकडे पळून जाणं नाही, उलट जिथे आहोत तिथेच असणं आहे. पुस्तकात याला सजगता म्हणतात पण मला आपला रोजचा शब्द जास्त आवडतो, भान. दूध उतू गेलं की आई म्हणायची ना, भान कुठे होतं तुझं, तेच ते. मी स्वतः चौदा वर्षं आयसीयू आणि कॅज्युअल्टीत काढली, मग काउन्सेलिंगचं शिक्षण घेतलं आणि आता बरीच वर्षं हॉस्पिटलच्या स्टाफबरोबरच काम करते, आणि एवढ्या वर्षांत मला या कामासाठी यापेक्षा चांगला शब्द सापडला नाहीये.

आता दगड झालेय या तुमच्या वाक्याकडे येते कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. १९८१ साली क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या दोघींनी बर्नआउट मोजायची प्रश्नावली तयार केली, ती आजही जगभर वापरतात, आणि त्यात तीन गोष्टी बघतात. मनाने पार थकून जाणं, समोरच्या माणसाबद्दल आतून तुटल्यासारखं होणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय असं वाटेनासं होणं. तुमच्या मेसेजमधली तीन वाक्यं मी या तिघांसमोर ठेवून बघितली. घरी आल्यावर ताट वाढायलाही हात उचलत नाही. मुलगा गेला आणि मी लगेच बेड लावायला मावशींना हाक मारली, आत काहीच हललं नाही. एवढं करून शेवटी होतं काय. तुम्ही ती प्रश्नावली न बघता लिहिलंयत, तरी तिन्ही जागच्या जागी बसतात.

त्यामुळे आजार आहे का याचं उत्तर असं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या यादीत बर्नआउट घेतला तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा ताण खूप दिवस साचत राहिला आणि त्याची नीट व्यवस्था लागली नाही की जे होतं ते, अशा शब्दांत घेतला. म्हणजे मूळ कामात आहे, तुमच्या स्वभावात नाही, आणि हे मला तुम्हाला ठासून सांगायचंय कारण आपल्या फील्डमधल्या बायका सगळं स्वतःच्याच अंगावर घेतात. पण एक गोष्ट तपासून घ्या. हे दगडपण फक्त ड्युटीपुरतं आहे का सुट्टीच्या दिवशीही आहे, आवडीचं काही केलं तरी बरं वाटत नाही का, दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडलीये का, आणि आपण नसलेलं बरं असा विचार येतो का. यातलं बरंचसं हो असेल, आणि शेवटचं तर एकदाही आलं असेल, तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी सायकियाट्रिस्टला भेटा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आपल्या हॉस्पिटलातल्याच डॉक्टरांकडे जायला संकोच वाटतो, मग गोष्ट चार कानांवर जाते, तेव्हा बाहेरच्यांकडे जा, पण जा.

आता मी या सगळ्याकडे कशी वळले ते सांगते, म्हणजे मी नक्की कशाबद्दल बोलतेय ते कळेल.

पहाटेचे साडेचार वाजले होते, नाईटची चौथी रात्र. चार नंबरच्या बेडला नॉरॅड, म्हणजे बीपी टिकवून धरणारं औषध, चालू होतं, सिरिंज पंपाने अलार्म दिला, मी तिथूनच चालले होते, माझा हात गेला, अलार्म बंद केला आणि मी सहा नंबरला सक्शन करायला गेले. सक्शन झालं, ग्लोव्ह्ज काढले, आणि मान वर करून बघते तर चारच्या मॉनिटरवर वरचं बीपी ६४. धावत गेले, सिरिंज रिकामी. नवीन लोड केली, बीपी हळूहळू वर आलं, पेशंट वाचला, पुढच्या आठवड्यात वॉर्डमध्ये शिफ्टही झाला. पण मला त्या रात्री जे कळलं ते असं की अलार्म बंद केला तो माझ्या हाताने, डोळ्यांनी स्क्रीन बघितलाच नव्हता. आवाज ऐकल्याची आठवण होती, बटण दाबल्याची होती, मधलं काहीच नव्हतं. एका ड्युटीत इतके अलार्म वाजतात आणि त्यातले बरेचसे हात हलला, प्रोब निघाला असल्या कारणांचे असतात, त्यामुळे मेंदू ते सगळे एका माळेत ओवून टाकतो, याला अलार्म फटीग म्हणतात आणि हे कुणालाही होऊ शकतं. मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आठ-दहा दिवस जेवण गेलं नाही, ड्युटीला निघताना पोटात गोळा यायचा. मग एक दिवस इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, त्यांनी दार लावून घेतलं, ऐकलं आणि म्हणाल्या, चल फॉर्म भरू. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली यालाच सेकंड व्हिक्टिम म्हटलं, म्हणजे चूक होते तेव्हा पहिला फटका पेशंटला बसतो आणि दुसरा ज्याच्या हातून झाली त्याला. हा शब्द मला खूप नंतर कळला, तेव्हा माहीत असता तर दहा दिवस तरी वाचले असते.

तर माझ्यासाठी भान म्हणजे हे आहे. हात बटणाकडे जातोय हे जाताना कळणं. शांत वाटणं नाही. शांत वाटलं तर चांगलंच आहे पण पुष्कळदा वाटत नाही, पुष्कळदा पहिल्यांदा कळतं ते हेच की आपल्याला कमालीचा राग आलाय किंवा आपण सकाळपासून खांदे वर चढवून फिरतोय, आणि ते कळणं हेच काम झालं.

वीस मिनिटांचं म्हणाल तर तो हिशोब कुठून आला ते बघा. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये काही आठवड्यांचा कोर्स सुरू केला, तो पेशंटसाठी होता, ज्यांचं दुखणं औषधाने हटत नव्हतं अशांसाठी, आणि त्यात रोज घरी पाऊणएक तास बसायचं असायचं. पुढे तोच साचा स्टाफसाठी वापरला गेला. न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टरला ७० फॅमिली डॉक्टरांनी असा कोर्स केला, त्याचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला आणि त्यांचा थकवा बराच कमी झालेला दिसला. पण तिथे आठ आठवडे दर आठवड्याला अडीच तास बसवलं होतं आणि नंतर दहा महिने दर महिन्याला पुन्हा, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यात नुसते डोळे मिटून बसणंही नव्हतं, एकमेकांना पेशंटचे किस्से सांगणं आणि ऐकून घेणं मोठा भाग होता. म्हणजे एका सकाळच्या एका तासाचं आणि त्याचं नातं जोडणं बरोबर नाही. आणि ज्या बाईला घरी गेल्यावर कुकर लावायचाय, मुलाचा अभ्यास घ्यायचाय, परत पहाटेची गाडी पकडायचीय तिला पाऊण तास सांगणं म्हणजे तिच्या यादीत आणखी एक राहिलेलं काम वाढवणं आहे, म्हणून मी ते सांगत नाही.

मी हँडरबपासून, म्हणजे हातावर चोळायच्या स्पिरिटपासून, सुरू करायला लावते. बेडच्या पायथ्याशी बाटली अडकवलेलीच असते, पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर आपण ती दाबतोच, जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत हँडरबला वीस ते तीस सेकंद सांगितलीत. ही वीस सेकंदं आपली आहेत, ती कुणी मागू शकत नाही, तेवढ्यात कुणी हाक मारली तरी हात ओले आहेत म्हणून थांबता येतं. एरवी आपण हात चोळत चोळत पुढच्या बेडचा विचार करतो. त्याऐवजी पंप दाबल्यावर तळव्यावर जो गार थेंब पडतो तिथे लक्ष द्या. मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठा, तो आपण नेहमी विसरतो, मग नखांची टोकं तळव्यावर, आणि शेवटी स्पिरिट उडत जातं तसा हात कोरडा होताना एक ओढल्यासारखं वाटतं, तिथपर्यंत. डोळे उघडे. हात कोरडे झाले की पेशंटच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं नाव मनात घ्यायचं, बेड नंबर नाही. बस एवढंच. मधे मन मटारच्या भाजीकडे जाईल, ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला पेशंट सोपवताना, काय सांगायचं राहिलं तिकडे जाईल, गेलं कळलं की परत अंगठ्यावर, स्वतःला रागावायचं नाही. आणि प्रत्येक वेळी करायचं नाही हो, तसं ठरवलंत तर दोन दिवसांत सोडून द्याल. ओव्हर घेतल्यावरचा पहिला बेड, जेवणानंतरचा पहिला, आणि ड्युटी संपायच्या आधीचा शेवटचा, अशी तीनच वेळा.

तुम्हाला वाटेल एवढ्याशाने काय होणार. पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक जणींना काहीच वाटत नाही. नंतर काय होतं तर मधल्या वेळेतही अधूनमधून आपोआप भानावर यायला होतं, हात अलार्मकडे जाताना मध्येच मान वळते आणि स्क्रीन दिसतो. एका सिस्टरने मला सांगितलं की तिला तीन आठवड्यांनी पहिल्यांदा एका आजोबांच्या हातावरचं गोंदण दिसलं, ते आठ दिवस तिच्याच बेडवर होते आणि सलाईन ती त्याच हाताला लावत होती.

नातेवाईक ओरडतात तेव्हा मात्र हात चोळायला वेळ नसतो. तिथे पाय. बुटात पायाची बोटं खाली दाबा, टाचा जमिनीला टेकल्यात का बघा, आणि श्वास आत घेतलात त्यापेक्षा सावकाश सोडा, मग बोला. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, ही साधी शरीराची रचना आहे, मॉनिटरवर तरुण पेशंटचे ठोके श्वासाबरोबर कमी-जास्त होताना तुम्ही बघितलेच असतील, तेच आपल्यालाही लागू आहे. पण हात उगारला गेला, गर्दी अंगावर आली तर श्वासबिस काही नाही, मागे व्हायचं आणि सिक्युरिटीला बोलवायचं. डॉक्टर-सिस्टरवर हात उचलण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, त्याचा बोर्ड तुमच्या आयसीयूबाहेर लागलाय का बघा, नसेल तर लावायला सांगा.

त्या बावीस वर्षांच्या मुलाबद्दल. तो गेल्यावर काय काय झालं ते तुम्ही ओळीने लिहिलंयत, ईसीजीची सरळ पट्टी काढली, घरच्यांना सांगितलं, त्याच्या आईने तुमचा ॲप्रन धरून ठेवला होता, मग ट्यूब्ज काढल्या, कापूस, बँडेज, टॅग, फॉर्म, आणि कॅज्युअल्टीतून फोन की बेड कधी मिळतोय. या सगळ्या यादीत तुमच्यासाठी जागा कुठे होती? आत काही हललं नाही असं नाही सिस्टर, हलायला जागाच नव्हती. अमेरिकेत व्हर्जिनियात जोनाथन बार्टल्स नावाचे एक इमर्जन्सी नर्स आहेत, त्यांनी २००९ च्या सुमाराला एक साधी पद्धत सुरू केली, पेशंट गेला की जे कुणी हजर असतील त्यांनी काही क्षण गप्प उभं राहायचं, त्या माणसासाठी आणि आपण जे केलं त्यासाठी. प्रार्थना नाही, भाषण नाही. मी हे मुंबईतल्या एका आयसीयूत करून बघितलं. मला धास्ती होती की डॉक्टर लोक थांबणार नाहीत. पडदा ओढला, मी फक्त म्हटलं, एक मिनिट थांबूया का, आणि रेसिडेंट, दोन सिस्टर, व्हेंटिलेटर हलवायला आलेले मामा, सगळे थांबले. मामांनी टोपी काढून हातात घेतली. मिनिट झाल्यावर रेसिडेंट मुलीने त्या आजींचं नाव घेऊन थँक्यू म्हटलं आणि कामाला लागली. नंतर तिथल्या मावशी स्वतः आठवण करायला लागल्या. तुमच्याकडे एकटीने सुरू करायचं असेल तर टॅग बांधायच्या आधी, आपला हात गेलेल्या पेशंटच्या हातावर ठेवून, दहा सेकंद. पुढचा बेड दहा सेकंदांनी अडत नाही.

इथे एक सावध करते. काही जणींना थांबलं, डोळे मिटले, श्वासाकडे लक्ष दिलं की उलट छातीत धडधडतं, नको ती दृश्यं समोर येतात, कोविडच्या वॉर्डात काम केलेल्या कितीतरी जणींना मी हे होताना बघितलंय, श्वास म्हटलं की त्यांना तिथल्या पेशंटचाच श्वास आठवतो. असं झालं तर जबरदस्तीने बसायचं नाही. डोळे उघडे, ट्रॉलीवरच्या वस्तू मनात एकेक करून नावाने घ्यायच्या, कॅन्युला, मायक्रोपोअर, स्वॅब, दहा सीसी सिरिंज, आणि हे वारंवार होत असेल तर काउन्सेलर गाठायचा. याच कारणाने इगतपुरीला जाऊ का या तुमच्या प्रश्नाला आत्ता नको म्हणेन. गोएंका गुरुजींच्या परंपरेतला दहा दिवसांचा विपश्यनेचा कोर्स खूप जणांना फळलाय, मी स्वतः केलाय, पण दहा दिवस मौन पाळून स्वतःसमोर बसणं हे काम आहे, विश्रांती नाही, आणि तुम्हाला सध्या दहा दिवस सुट्टी मिळत असेल तर त्या दिवसांत झोपा.

आता बोलती बंद. हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत, आणि उत्तर हो आहे, तसा वापर होऊ शकतो. माणसं कमी, त्यात तीन पेशंट, डबल ड्युटी, आणि वरून श्वास घ्या म्हणून सांगणं हा अन्याय आहे. आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक सिस्टर असावी हे आपल्याला नर्सिंगमध्ये शिकवतात. रेसिडेंट डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीला २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नका असं सुचवावं लागलं, यावरून प्रत्यक्षात काय चालतं ते समजून घ्या. आणि लॅन्सेटमध्ये २०१६ साली डॉक्टरांच्या बर्नआउटवरचे अनेक अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात बर्नआउट असलेल्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांवरून ४४ वर आलेलं दिसलं, आणि त्यात माइंडफुलनेससारखे एकेकट्याने करायचे उपाय होते तसे ड्युटीचे तास बदलण्यासारखे संस्थेने करायचे उपायही होते, दोन्हींचा उपयोग झाला. मला हे आकडे मॅनेजमेंटसमोर नेहमी कामाला येतात कारण अर्धं काम त्यांचं आहे हे त्यातून दाखवता येतं.

आणि माझा अनुभव असा की भान आलेली सिस्टर गप्प बसत नाही. एका हॉस्पिटलातल्या सात जणींनी दोन आठवडे एवढंच केलं, ड्युटीत पाणी कधी प्यायलो आणि बाथरूमला कधी गेलो याची वेळ रोज वहीच्या मागच्या पानावर टाकली. आधी त्यांनाच धक्का बसला, एकीचे सलग सात तास रिकामे होते, युरीन इन्फेक्शन का होतंय ते तिचं तिलाच कळलं. ती पानं घेऊन त्या मेट्रनकडे गेल्या, रडारड नाही, आरडाओरडा नाही, तारखा आणि वेळा. जास्तीची माणसं मिळाली नाहीत. पण दुपारी वीस मिनिटांसाठी बाजूच्या वॉर्डची सिस्टर रिलीव्ह करायला येईल असं ठरलं आणि ते टिकलं. तुम्हीही एकटीने जाऊ नका, किमान तिघी-चौघी जा, आणि तक्रार तोंडी ठेवू नका, लिहून द्या आणि एक कॉपी जवळ ठेवा.

घरचं राहिलं, मुलावर ओरडता ते. गाडीत ध्यान वगैरे करू नका, लेडीज डब्यात बसायला मिळालं तर सरळ झोपा. फक्त ठाणं सोडलं की खाडीचा पूल येतो ना, तेवढा पूल जागं राहून बाहेर बघा, पाणी, कांदळवन, जे असेल ते, आणि ड्युटीतली जी एक गोष्ट डोक्यात अडकलीये ती मनात एकदा नीट पूर्ण वाक्यात म्हणा. माझ्याकडे येणाऱ्या एकीचं वाक्य असायचं, पाच नंबरच्या काकांचं पोटॅशियम मी सांगितलंय, आता ते बघणाऱ्या दुसऱ्या सिस्टर आहेत. आणि मुलाला सांगून ठेवा की आई आली की आंघोळ होईपर्यंत तिला काही विचारायचं नाही, नंतर तू म्हणशील ते. नवव्या-दहाव्या वर्षी मुलांना हे समजतं. त्या दिवशी ओरडलात त्याबद्दल त्याला सॉरी म्हणा, कारणं न देता.

सोमवारपासून तुमची नाईट आहे असं लिहिलंयत, तर नाईटमध्ये यातलं काहीही नवीन सुरू करू नका, पहाटे चार-पाचला शरीर तसंही सगळ्यात खाली असतं, तेव्हा फक्त जोडीदारणीबरोबर आळीपाळीने वीस मिनिटं डोळा लागतो का बघा आणि औषध लोड करताना एकमेकींना दाखवून करा. नाईट संपून ऑफ झाला की पहिल्या मॉर्निंगला, ओव्हर घेतल्यावर, पहिल्या बेडपासून.